सांबऱ्याचा विमानतळ : दूरचे युद्ध, शेजारची मुक्ती



बेळगावहून बागलकोट रस्त्याने निघाले की निलजी, मुतगे आणि मग सांबरा लागते. सांबऱ्याचे नाव निघाले की आज आपण तिकिटांचे दर आणि नव्या विमानसेवा यांवर बोलतो. या धावपट्टीचा जन्म मात्र प्रवाशांसाठी झाला नव्हता. ती ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने १९४२ साली बांधली.

त्या वर्षी फेब्रुवारीत सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेले. एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे बॉम्ब पडले. हिंदुस्थानभर घाईघाईने धावपट्ट्या तयार होऊ लागल्या. सांबऱ्याच्या जागेचे गुण उघड होते. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरचा सपाट प्रदेश, घाटमाथ्याच्या मुसळधार पावसापासून दूर. जवळ मिरज-लोंढा रेल्वे आणि जुनी छावणी. येथे वैमानिकांचे प्रशिक्षण चाले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीला पाठबळ मिळे. युद्ध शेकडो कोस दूर होते. त्यासाठी लागलेली सपाट जमीन मात्र आपल्या गावांची होती. युद्धकाळात जमिनी ताब्यात घेण्याचे अधिकार भारत संरक्षण नियमांनी सरकारला दिले होते. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते.

महायुद्ध संपले, देश स्वतंत्र झाला आणि तळ भारतीय हवाईदलाकडे आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात घातले गेले. त्या दिवसाची सल आपल्या घराघरांत आहे, ती मी पुन्हा सांगत नाही. पण सीमाभागाचा अर्वाचीन इतिहास त्या एका तारखेपासून सुरू करून तिथेच संपवण्याची आपल्याला सवय लागली आहे. सांबऱ्याची धावपट्टी आपल्याला पुढची एक तारीख सांगते.

गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १९५५ च्या अखेरीपासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सह्याद्रीच्या रानातून, आधी आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या बाजूने, गुप्त नभोवाणी चालवीत होते. सहा वर्षे हा आवाज सीमेपलीकडे जात राहिला. १९६१ च्या डिसेंबरात मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या नेतृत्वाखाली १७ वी पायदळ डिव्हिजन बेळगाव परिसरात जमली. अनमोड घाटातून मोलेकडे उतरणारी वाट याच बाजूची.

१८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. इमारतींना धक्का लावू नये अशी त्यांना आज्ञा होती. सांबऱ्याहून उडालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. सांबरा ते बांबोळी हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतले. हंटरला त्यासाठी दहा मिनिटेही पुरेत. त्या रात्री दाभोळीहून दोन विमाने धावपट्टीच्या शाबूत भागावरून उडून कराचीला निसटली. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासाल्लो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली आणि साडेचारशे वर्षांची सत्ता संपली.

यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या भागाचा स्वतःचा प्रश्न पाच वर्षांपूर्वी चिघळला होता, त्याच भागाच्या भूमीवरून शेजाऱ्याचा प्रश्न सुटला. परक्यांनी परक्या युद्धासाठी बांधलेली धावपट्टी अखेर आपल्या माणसांच्या मुक्तीसाठी कामी आली. हे आपल्या सांगण्यात का येत नाही? तक्रार जपताना वाटा विसरला गेला, हेच त्याचे उत्तर असावे.

पुढे सांबरा प्रशिक्षणाचे केंद्र झाले. आजही हवाईदलाच्या जवानांचे पहिले शिक्षण येथे होते. अग्निवीरवायूंची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस येथेच दाखल झाली. नागरी विमानतळाची धावपट्टी २,३०० मीटरपर्यंत वाढली आणि नव्या इमारतीचे उद्घाटन २०१७ साली झाले.

हवाईदलाच्या इतिहासात विमानांची संख्या आणि स्क्वाड्रनचे क्रमांक सापडतात. तळाखाली गेलेल्या शेतांची नावे, धावपट्टीवर माती वाहणाऱ्यांची मजुरी आणि त्या डिसेंबरात गावांनी ऐकलेला आवाज तेथे मिळणार नाही. तो भाग आपल्याकडे आहे. या भागातले अनेक जुने उतारे मराठीतच आहेत. सांबरा, मुतगे, बाळेकुंद्रीच्या ज्या घरांत १९४२ च्या आसपासचे फेरफार, नोटिसा किंवा पावत्या पेटीच्या तळाशी असतील, त्यांनी त्या वाळवीच्या स्वाधीन करू नयेत. वडीलधाऱ्यांच्या आठवणी आजच लिहून घ्याव्यात. सीमेच्या दाव्याला त्यांचा उपयोग होवो न होवो, आपण येथे कोण होतो आणि आपल्या हातून काय घडले, हे नातवंडांना सांगायला त्या लागतील.