'पोशिंदा' : एका शब्दाचा प्रवास

१/ "शेतकरी जगाचा पोशिंदा." हे वाक्य भाषणांत, फलकांवर आणि शालेय निबंधांत आपण इतक्या वेळा वाचले आहे की त्यातील शब्दापाशी थांबणे राहूनच जाते. आजचा धागा त्या शब्दाविषयी. पोशिंदा म्हणजे पोसणारा. परंतु कोण कोणाला पोसतो, या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलखात सदैव एकच नव्हते.

२/ आधी व्युत्पत्ती. संस्कृत धातू 'पुष्'. त्यातूनच पोषण, पुष्ट आणि आपले 'पोसणे'. पुढचा '-इंदा' मात्र फारसी वळणाचा; शर्मिंदा, बाशिंदा या शब्दांत तो दिसतो. 'म्हैस'चे अनेकवचन 'म्हशी' होताना 'स'चा 'श' होतो, तसेच येथेही. संस्कृत मूळ आणि फारसी शेपूट असा हा अस्सल दख्खनी संसार आहे.

३/ 'पोसणे'चा नित्याचा वापर पाहा. आई लेकरू पोसते, कर्ता माणूस घर पोसतो. "तुला काय फुकट पोसायचे?" या प्रश्नात तोच शब्द अपमान होतो, आणि निरुपयोगी खर्चाला आपण पांढरा हत्ती पोसणे म्हणतो. शेतात मात्र हे क्रियापद अकर्मक होते : दाणा पोसतो, म्हणजे कणसात भरतो. "यंदा दाणा पोसला नाही" या चार शब्दांत पुढच्या वर्षभराची चिंता सामावलेली असते.

४/ आता म्हण : लाख मेले तरी चालतील, लाखांचा पोशिंदा जगला पाहिजे. घोडखिंडीच्या (१६६०) लोकप्रिय कथनांत ती बाजीप्रभूंच्या तोंडी येते. तो कथेतील संवाद म्हणून वाचावा, समकालीन कागदातील वाक्य म्हणून नव्हे. आपल्या विषयासाठी महत्त्वाचे एवढेच की येथे पोशिंदा म्हणजे धनी, राजा. आणि पोसली जाणारी ती रयत.

५/ या कल्पनेची दुसरी बाजू एका अस्सल पत्रात सापडते. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिले : गावोगाव फिरून कुणबी गोळा करावे, ज्याला कसण्याचे बळ आहे पण बैल नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसे द्यावे आणि पोटासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे. वसुली व्याजाविना, मुद्दलापुरती, त्याला ताकद येईल तसतशी करावी.

६/ या आज्ञेतील धान्याकडे लक्ष द्या. पेरणी आणि कापणी यांच्यामध्ये काही महिने असतात आणि त्या महिन्यांतही कुणब्याला भूक लागते. बैल असूनही घरात दाणा नसेल, तर नांगर चालत नाही. राज्याचा महसूल अखेर त्या कुणब्याच्या पोटावर उभा आहे, ही जाण या पत्रात आहे.

७/ ही जाण सुटली की काय होते, ते १८७६-७८ च्या दुष्काळाने दाखवले. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या धडधाकट पुरुषाची मजुरी १८७७ च्या आरंभी दिवसाला सुमारे एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोकड इतकी खाली आणण्यात आली. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि मजुरांनी हजारोंच्या संख्येने कामे सोडली. आदल्या वर्षापर्यंत सारा भरणारी अनेक कुटुंबे त्यांत होती.

८/ त्यानंतर काही वर्षांतच, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. सरकारी खात्यांचे पगार आणि डामडौल शेतकऱ्याच्या घामातून आलेल्या करांवर चालतात, हा त्यातील एक मुख्य मुद्दा. येथे म्हणीतील नाते उलटे झाले. सरकार रयतेला पोसत नाही. रयत सरकारला पोसते. आज 'पोशिंदा' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सिंहासन न येता शेत येते, त्यामागे हीच दृष्टी आहे.

९/ पण शेवटी आणखी एक शब्द : खावटी. नवे पीक हाती येईपर्यंत खाण्यासाठी उसने घेतलेले धान्य किंवा पैसे. आदिवासी कुटुंबांसाठी शासनाची खावटी कर्ज योजना १९७८ मध्ये सुरू झाली होती. ज्याला आपण पोशिंदा म्हणतो, त्याच्यावर पावसाळ्यात खावटी काढण्याची वेळ येते. हे दोन्ही शब्द एकाच माणसाचे आहेत. एक आपण त्याला दिलेला, दुसरा त्याच्या घरातला.

१०/ म्हणून 'पोशिंदा' हा शब्द केवळ गौरवासाठी वापरू नये, असे मला वाटते. १६७६ च्या त्या पत्रात कुणब्याची स्तुती करणारी विशेषणे नाहीत. बैल आहेत, धान्य आहे आणि परतफेडीची सवलत आहे. आपल्या भागात 'पोसणे', 'खावटी' हे शब्द आणखी कोणत्या अर्थांनी वापरतात? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून खाली अवश्य लिहा.