विचारायचे कोणाला? : एड्सची पहिली वर्षे आणि घरातला दूरदर्शन संच

एका रोगाचा इतिहास साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो रास्तच आहे. रोग कसा होतो आणि कसा बरा होतो हे वैद्यकाच्या पुस्तकात सापडते. पण त्या रोगाविषयी लोक कोणत्या शब्दांत बोलले, कोणाला प्रश्न विचारता आला आणि कोणाच्या तोंडून तो बाहेरच पडला नाही, हा भाषेच्या व्यवहाराचा इतिहास आहे. आजचा विषय तेवढाच आहे : १९८१ ते १९९२ या काळात एड्स नावाचा नवा रोग दूरचित्रवाणीवरून कसा बोलला गेला आणि आपल्यासारख्या घरांत त्याचे काय झाले.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते, कारण रोगाची पहिली नोंद तिथली आहे. ५ जून १९८१ रोजी तिथल्या सरकारी आरोग्यपत्रिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची माहिती छापून आली. पुढच्या वर्षी रोगाला एड्स हे नाव मिळाले. पहिले रुग्ण बहुतांशी समलिंगी पुरुष होते, त्यामुळे बड्या वर्तमानपत्रांनी आणि संध्याकाळच्या बातम्यांनी बराच काळ हा विषय दूर ठेवला.

तो मध्यमवर्गीय घरात आणण्यात मोठा वाटा होता दिवसा चालणाऱ्या गप्पांच्या कार्यक्रमांचा. फिल डॉनह्यू याने १९६७ मध्ये ओहायो राज्यातील डेटन या शहरातून असा कार्यक्रम सुरू केला होता. सकाळी नवरा कामावर आणि मुले शाळेत गेली की घरी उरलेल्या गृहिणी तो पाहत. डॉनह्यू व्यासपीठावर बसून राहत नसे. हातात ध्वनिक्षेपक घेऊन तो प्रेक्षकांत फिरे, ज्या बाईला काही विचारायचे असेल तिच्यापुढे तो धरी, आणि घरी बसलेल्या बायकांचे दूरध्वनीही घेई. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्याने एड्सवर कार्यक्रम केला. डॉक्टर, रुग्ण आणि लेखक लॅरी क्रेमर त्यात होते. पेला उष्टा झाला तर रोग होतो का, मुलांना शेजारच्या घरी पाठवावे का, असे प्रश्न लोकांच्या मनात होते. ते उघडपणे विचारता येतील आणि डॉक्टरने तिथल्या तिथे उत्तर द्यावे, अशी जागा या कार्यक्रमांनी करून दिली.

हे कार्यक्रम म्हणजे शहाणपणाची शाळा होती असे मात्र नाही. १९८७ साली वेस्ट व्हर्जिनियातील विल्यमसन या छोट्या गावात एड्स झालेला एक तरुण सार्वजनिक तलावात पोहला, म्हणून नगराध्यक्षाने तलाव रिकामा करवला. त्या नोव्हेंबरात ऑप्रा विनफ्रीने आपला कार्यक्रम त्याच गावात नेला. सभागृहात गावकरी होते आणि त्यांच्यासमोर तो तरुण बसला होता. लोक त्याच्या तोंडावर नको नको ते बोलले. त्यात क्रौर्य होते आणि वाहिनीला प्रेक्षक हवेत हा हिशेबही होता. तरीही एक गोष्ट घडली. पाठीमागे जे कुजबुजले जात होते, ते ज्याच्याविषयी होते त्याच्या देखत बोलले गेले, आणि त्याला उत्तर देता आले. इंडियाना राज्यातील रायन व्हाइट या मुलाला रक्तघटकांतून एड्स झाला आणि शाळेने दार बंद केले, तेव्हाही लोकांनी त्याला स्वतः बोलताना पाहिले, ऐकले. १९९० मध्ये, अठराव्या वर्षी तो गेला, तोवर देशाला त्याचे नाव तोंडपाठ झाले होते.

आता आपल्याकडे येऊ. भारतातील पहिल्या रुग्णांचा शोध १९८६ च्या सुरुवातीस मद्रासमध्ये लागला, आणि त्यामागे मराठी घरातली एक बाई होती. डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चामड्याचा व्यापार करणारे हे कुटुंब मद्रासला स्थायिक झालेले, आणि आठ भावंडांत सुनीती एकटी मुलगी. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. एड्सची लागण आपल्याकडे आहे का हे तपासावे, असे त्यांनी सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीस सुचवले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ज्या सुधारगृहात ठेवत, तिथे जाऊन निर्मलाबाईंनी रक्ताचे नमुने गोळा केले. ठेवायला सोय नव्हती म्हणून ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, आणि मग पतीबरोबर रात्रीच्या गाडीने बर्फाच्या पेटीतून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. सहा नमुन्यांत विषाणूची लागण आढळली. अमेरिकेत पुन्हा तपासणी होऊन निष्कर्ष पक्का झाला आणि आरोग्यमंत्री एच. व्ही. हांडे यांनी तो तमिळनाडूच्या विधानसभेत जाहीर केला.

त्या वर्षी आपल्या घरात दूरचित्रवाणी काय सांगत होती? वाहिनी एकच, आणि ती सरकारची. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम माळव्यात पोहोचत नव्हते. धार-देवासच्या मराठी घरात दिल्लीचे हिंदी आणि इंग्रजीच येई. पण प्रेक्षकांना बोलायचे नव्हते असे कोणी म्हणू नये. १९८४-८५ मध्ये 'हम लोग' ही मालिका चालू होती. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन कथेतल्या प्रश्नांवर दोन शब्द बोलत. त्या मालिकेला सुमारे ४ लाख पत्रे आली. हुंडा, दारू, मुलींचे शिक्षण यांवर लोकांनी घरच्या माणसाला लिहावे तसे लिहिले. आपल्या इंदूर आकाशवाणीवर तर त्याआधीपासून नंदाजी आणि भेराजी माळवीत गप्पा मारत शेतकऱ्याला बियाणे-खताची माहिती देत होते. माहिती संवादातून गळी उतरते हे आपल्याकडच्या प्रसारणाला चांगले ठाऊक होते.

एड्सच्या बाबतीत मात्र संवाद सुटला आणि सूचना उरली. विषय आला तो सरकारी निवेदनाच्या थाटात : भयंकर रोग, इलाज नाही, सावध राहा. कशापासून सावध राहायचे हे सांगायला जे शब्द लागतात, ते घरात सर्वांच्या देखत बोलण्याचे नव्हते. त्यामुळे भीती पोहोचली, माहिती पोहोचली नाही. वरच्या पातळीवरही रोग परक्यांचा आहे हीच समजूत प्रबळ होती. परदेशी विद्यार्थ्यांची सक्तीने तपासणी सुरू झाली. १९८८ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे महासंचालक ए. एस. पेंटल यांनी भारतीयांनी परदेशी व्यक्तींशी शरीरसंबंध ठेवू नयेत यासाठी कायदाच करावा, असे सुचवले. इतक्या मोठ्या वैज्ञानिकाच्या या सूचनेला, घराघरातल्या बाईने भर कार्यक्रमात उभे राहून एक साधा प्रश्न विचारावा, अशी जागा देशात कुठे नव्हती.

प्रश्न विचारला गेला नाही की त्याची जागा कुलूप घेते. गोव्यातला डॉमिनिक डिसोझा हा सुशिक्षित, नोकरी करणारा तरुण. तो रक्तदान करी, आणि त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. त्याला कोणी हे सांगितले नाही. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्याला पोलीस ठाण्यावर बोलावले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ताब्यात घेतले. म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयाच्या इमारतीत त्याने एकट्याने ६४ दिवस काढले. त्याची आई लुसी डिसोझा न्यायालयात गेली, वकील आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. मुलगा सुटला, पण उच्च न्यायालयाने कायदा वैधच ठरवला. डॉमिनिक गप्प बसला नाही. स्वतःच्या नावाने, उघडपणे तो बोलत राहिला. १९९२ मध्ये त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला.

क्षयरुग्णालय हा शब्द देवासकरांनी क्षणभर थांबून ऐकावा असा आहे. १९४८ मध्ये कुमार गंधर्व आपल्या गावी आले ते क्षयाने आजारी होऊन. कोरडी हवा मानवेल म्हणून आले. त्या काळी घरात क्षय आहे असे कळले तर सोयरीक मोडे आणि येणारे-जाणारे उंबऱ्याबाहेर थांबत. तरी कुमारजींना देवासने घर दिले. भानुमतीताईंनी शुश्रूषा केली. अंथरुणावर पडल्या पडल्या खिडकीतून त्यांच्या कानी माळव्याची लोकगीते आली आणि पुढे त्यांच्या गाण्यात ती उतरली. गाता न येण्याची पाच-सहा वर्षे याच गावाने पाहिली. क्षय खोकल्यातून, श्वासातून पसरतो. एचआयव्ही हवेतून पसरत नाही, स्पर्शाने पसरत नाही. तरी संसर्गजन्य रोग्याला गाव सांभाळते आणि ज्याच्याजवळ बसण्यात काही धोका नाही त्याला सरकार कोंडते, हा फरक रोगाने केलेला नाही. एका रोगाविषयी कुजबुजत का होईना बोलता येत होते, दुसऱ्याविषयी तेही नव्हते.

मग मराठीत अशा बोलण्याची परंपराच नव्हती काय? होती, आणि ती अमेरिकेतल्या कार्यक्रमांच्या कितीतरी आधीची. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. संततिनियमन आणि गुप्तरोगांवर ते सरळ मराठीत लिहीत. वाचक पत्राने प्रश्न विचारत आणि कर्वे छापील उत्तर देत. या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञानाने उत्तर देण्यात अश्लील ते काय, हा त्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र चालू राहिले. म्हणजे शब्द मराठीत होते, विचारणारे वाचक होते, उत्तर देणारा संपादकही होता. १९८६ मध्ये त्या संपादकाची खुर्ची रिकामी होती, आणि दूरदर्शनला ती भरावीशी वाटली नाही.

१९९२ पासून चित्र पालटू लागले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना त्याच वर्षी स्थापन झाली. सांगलीत मीना शेषू यांनी 'संग्राम' संस्था उभी केली आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियाच एकमेकींना माहिती देऊ लागल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी वाहिनी सुरू झाली. दूरदर्शनच्या 'रजनी'मुळे घरोघर ओळखीची झालेली, विजय तेंडुलकरांची कन्या प्रिया तेंडुलकर पुढे तिथे आपल्या नावाचा कार्यक्रम घेऊन आली. प्रेक्षक सभागृहात बसून वाद घालू लागले. अमेरिकेत रोगाच्या दुसऱ्याच वर्षी जी खुली चर्चा झाली, तिचा साचा आपल्या पडद्यावर रूढ व्हायला इतका काळ गेला. सरकारी जाहिरातींचा सूरही बदलला. शबाना आझमी पडद्यावर येऊन स्पर्शाने एड्स होत नाही हे मायेने सांगू लागल्या. २००४ पासून सरकारी दवाखान्यांत विषाणूरोधक औषधे विनामूल्य मिळू लागली. २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, बाधिताशी नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करण्यास आणि त्याच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास मनाई केली. डॉमिनिकवर जे गुदरले ते आज बेकायदा आहे.

डॉ. सुनीतीबाईंनी १९९३ मध्ये सरकारी नोकरीतून बाहेर पडून स्वतःचे केंद्र काढले. पुढे त्यांनी एक असे काम हाती घेतले की जे कोणत्याही मराठी घराला ओळखीचे वाटेल. बाधित मुलामुलींच्या सोयरिकी त्या जुळवू लागल्या. जात, भाषा, शिक्षण, पगार हे सगळे नेहमीप्रमाणे बघायचे, आणि पत्रिकेच्या जोडीला रक्ताच्या तपासणीचा कागदही समोर ठेवायचा. ज्या गोष्टीमुळे सोयरीक मोडली असती, तीच बैठकीत सर्वांच्या देखत मांडली की लपवायचे काही उरत नव्हते. २०१५ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

त्या केंद्राचे नाव वाय. आर. गायतोंडे केंद्र. ते त्यांच्या वडिलांचे नाव आहे. ज्या काळात घरात हा रोग आहे हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून माणसे गाव बदलत होती, त्या काळात महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या एका मराठी कुटुंबाने आपले आडनाव त्या रोगाच्या दवाखान्यावर पाटीला लावले. पिढ्यान्पिढ्या परमुलखात राहणाऱ्या आपणा सर्वांना आडनाव किती जपावेसे वाटते, हे इथे सांगण्याची गरज नाही. ते कशासाठी खर्च करावे, याचे हे एक उदाहरण आहे. कुजबुज करून भागेल असा रोग पुढेही येईल, आणि तेव्हा घरातले कोणीतरी पोर, कोणीतरी सून, दारात घुटमळत उभी राहील. तिला विचारायला जागा असावी.