वतन नावाची सोमा-गोळी



वाचनवर्ग कुठलाही असो, जॉर्ज ऑर्वेलचं '1984' निघतंच. भिंतीवरून बघणारा डोळा, घरातला पाळत ठेवणारा पडदा, मनातल्या विचारांवर पोलीस. पोरं खिशातला मोबाईल काढून दाखवतात आणि म्हणतात, सर, हे तर आत्ताचंच आहे. खोटं नाही. पण आपल्या भागाला पाळतीची ओळख मोबाईलने करून दिलेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचा. त्यांचं धनेगाव लातूरजवळचं, म्हणजे 1982 पर्यंत आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यातलं. गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस जन्मतःच चोर ठरायचा, त्याला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागायची. तिथे पडद्याची गरजच नव्हती. पाटील होता, फौजदार होता आणि अख्खं गाव होतं.

तरीही मला वाटतं, आपला इतिहास समजून घ्यायला ऑर्वेलपेक्षा आल्डस हक्सले जास्त उपयोगी पडतो. त्याची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही कादंबरी 1932 ची, '1984' च्या सतरा वर्षं आधीची. त्या राज्यात मुलं बाटलीत तयार होतात आणि बाटलीतच त्यांचा दर्जा ठरतो. वर अल्फा, तळाला एप्सिलॉन. या दर्जांना हक्सले सरळ 'कास्ट' हाच शब्द वापरतो. (पुस्तक लिहिण्याआधी गडी भारत फिरून गेला होता, हे लक्षात ठेवा.) झोपेत मुलांच्या कानात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते, की आपला दर्जा किती चांगला आहे. मोठेपणी मन बिघडलं की सोमा नावाची गोळी मिळते. तिथे चाबूक क्वचितच काढावा लागतो, कारण गुलामाला गुलामी आवडू लागलेली असते.

आता महारवतनाकडे या.

वतन म्हणजे काय? गावची आणि सरकारची पिढीजात चाकरी. 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने इंग्रजांनी ती पक्की केली. टपाल पोचवायचं, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचं, सारा भरायला लोकांना बोलावून आणायचं, मयताचा सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं. कामाला वेळ नाही, रात्र नाही. वतनदार घरी सापडला नाही तर बापाला न्या, घरातल्या दुसऱ्या कुणाला न्या. बदल्यात काय? वाटण्या होऊन होऊन चिंधी झालेली इनाम जमीन, हातावर टेकवलेले चार पैसे आणि रयतेकडून मागून आणायचं बलुतं. दया पवारांच्या आत्मकथनाचं नाव 'बलुतं' आहे आणि शंकरराव खरातांच्या आत्मकथनाचं 'तराळ-अंतराळ', ते उगाच नाही.

आणि या सगळ्याला नाव काय, तर वतन! पाटलालाही वतन, कुलकर्ण्यालाही वतन आणि आम्हालाही वतन. येसकराच्या हातात घुंगराची काठी. शिवाय बेदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्कांची सनद दिल्याची कथा घरोघर सांगितली जायची. त्या हक्कांत मेलेल्या जनावराचं कातडंही येतं. कोरभर भाकरी दारोदार मागायची आणि तिला हक्क म्हणायचं. हक्सलेच्या मुलांच्या कानात रात्री जे पुटपुटलं जायचं, ते आमच्याकडे आजाच नातवाला प्रेमाने सांगायचा. मी आज्याला दोष देत नाही. ज्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं त्याने काठीचा अभिमान धरला. व्यवस्थेने काठी दिली होती ती त्यासाठीच.

बाबासाहेबांनी नेमकं इथे बोट ठेवलं. 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत'मध्ये 'महार आणि त्यांचे वतन' हे लेख लिहिले. मार्च 1928 मध्ये, म्हणजे हक्सलेच्या कादंबरीच्या चार वर्षं आधी, मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ज्याला चाकरीतून सुटायचंय त्याला सुटू द्या, त्याची जमीन पूर्ण सारा लावून रयताव्याने त्याच्याकडेच ठेवा, आणि जो चाकरी करेल त्याला धड पगार द्या. मागणी इतकी साधी होती. निवड समितीत विधेयकाची इतकी मोडतोड झाली की 1929 मध्ये त्यांनी ते मागे घेतलं.

सरकारचा विरोध समजतो. फुकटचा नोकर कोण सोडेल? गावाचाही समजतो. पण खरी अडचण आपल्याच वस्तीत होती. वतन गेलं तर जमीन जाईल, बलुतं जाईल, गावातला मान जाईल, ही भीती. अस्पृश्यांपुढे उभं राहून, तुमचा मान हीच तुमची बेडी आहे, असं सांगायला जे धाडस लागतं ते सभागृहातल्या भाषणापेक्षा मोठं आहे.

म्हणून मला कसबे तडवळे महत्त्वाचं वाटतं. आज धाराशिव तालुक्यात असलेल्या या गावात 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला परिषद भरली, बाबासाहेब स्वतः आले. आपण दरवर्षी तिथे जातो, अभिवादन करतो, फोटो टाकतो. परिषदेचं नाव मात्र किती जणांना माहीत असतं? महार-मांग वतनदार परिषद. 'महार-मांग' हा जोडशब्द जरा थांबून वाचा. बावन्न हक्कांच्या कथेने या दोन वस्त्यांत वर-खाली लावून दिलं होतं, एकाच ढोरावरून भांडणं लावली होती. ते दोघे इथे एका मांडवात बसले. हक्सलेच्या राज्यात असं होत नाही. तिथला बंडखोर एकटा असतो आणि शेवटी गळफास घेतो. ऑर्वेलचा विन्स्टनही एकटाच, त्यालाही मोडून टाकतात. या लेखकांना सत्ता उत्तम कळली होती, पण वरून अंगावर येणारी. खालून परिषद भरवणारी माणसं त्यांच्या पुस्तकात नाहीत. मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा केला तो 1958 मध्ये. विधेयकापासून तीस वर्षं लागली, बाबासाहेब तो पाहायला नव्हते.

आता आपल्याच तालुक्यांत बघा. कळंब, वाशी, भूम, परंड्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोन जिवंत माणसं, हिशोबात एक हत्यार. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस आजारी पडलं की खाडा कापला जातो, फिटलं नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. मागच्या वर्षी एका वस्तीत बसलो होतो. विशीतला एक पोरगा, मनगटावर निळं गोंदण, खुशीत सांगत होता, ''दादा, यंदा आमच्या कोयत्याला गावात सगळ्यात जास्त उचल मिळाली.'' त्याची बायको मागे भांडी बांधत होती. तिने वर पाहिलं नाही.