चष्म्याची काच, जी काच नाही

मागे आमच्या गटातल्या एका मावशींच्या चष्म्यावर चरे पडले. मावशी शिवणकाम करतात. आम्हीच त्यांना सांगितलं, थोडी टूथपेस्ट लावून घासा. त्यांनी अर्धा तास घासलं. चरे पुसट झाले, पण काच धुरकट झाली आणि सुईत दोरा ओवेना. चूक आमची. मग आम्ही शोधायला बसलो, ही चष्म्याची काच आहे तरी काय?

तर ती काच नाहीच, प्लॅस्टिक आहे!

तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मे निघाले. तेव्हापासून साडेसहाशे वर्षं भिंगं बहुतेक काचेची असत. ती घासून गोलाई आणायची आणि लोखंडाच्या गंजासारख्या लाल भुकटीने चमकवायची. भिंगं जड असत, नाकावर वळ उठत.

1940 च्या सुमारास अमेरिकेतल्या पिट्सबर्ग प्लेट ग्लास कंपनीच्या रसायन शाखेत एक पारदर्शक प्लॅस्टिक तयार झालं. प्रयोगातलं ते एकोणचाळिसावं मिश्रण, म्हणून नाव सीआर-39. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानांच्या इंधनटाक्यांसाठी वापरलं. युद्ध संपल्यावर, 1947 साली, कॅलिफोर्नियात रॉबर्ट ग्रॅहम यांच्या आर्मोरलाइट कंपनीने त्याची चष्म्याची भिंगं केली. वजन काचेच्या जवळपास निम्मं, आणि पडलं तरी सहज फुटत नाही. म्हणजे विमानाच्या टाकीचं प्लॅस्टिक आज आपल्या नाकावर बसलंय.

पण ते मऊ. आपल्या धुळीत गारगोटीचे कण असतात, ते काचेपेक्षाही कठीण. कोरड्या पदराने पुसलं की तेच कण भिंगावर फिरतात. म्हणून पुढे भिंगांवर कठीण लेप चढवायला लागले.

टूथपेस्टमध्ये खडूची किंवा सिलिकाची बारीक पूड असते. ती चरा भरत नाही, चऱ्याच्या आजूबाजूचं झिजवते. पितळेचा तांब्या चिंच-राखेने घासताना थोडं पितळ गेलं तर काय बिघडतं? भिंगाचा नंबर मात्र त्याच्या गोलाईत असतो. बोट इथे जास्त दाबलं, तिथे कमी, की दिसणं बिघडलं. लेपही कुठे उरतो, कुठे जातो. खाण्याच्या सोड्याचं तेच, आणि राखुंडीचं तर विचारूच नका. कारखान्यातही प्लॅस्टिकची भिंगं घासतात, पण पाण्यात कालवलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या अतिबारीक भुकटीने, भिंगाला बरोबर बसणाऱ्या साच्यावर.

जुन्या मनगटी घड्याळाची प्लॅस्टिकची काच टूथपेस्टने छान निघते, आम्ही करून पाहिलंय. तिला नंबर नसतो ना!

मावशींच्या नव्या भिंगांसाठी आम्ही वर्गणी काढली. फ्रेम जुनीच ठेवली. आता त्या चष्मा आधी नळाखाली धरतात, भांड्याच्या पातळ साबणाचा थेंब लावतात, धुतात आणि मऊ सुती कापडाने टिपतात. पदराकडे हात गेला की नात ओरडते.