हा कुत्रा कोणाचा?

ब्रिटनमध्ये शेल्टरमधून कुत्रा किंवा मांजर दत्तक घ्यायला गेलेल्या मराठी माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते : 'एवढे प्रश्न तर व्हिसाच्या फॉर्मवरही नव्हते.' घर भाड्याचं की स्वतःचं? घरमालकाची परवानगी आहे का? बागेचं कुंपण किती उंच? दिवसातून किती तास घरात कोणीच नसतं? कधीकधी तर घर बघायला माणूस येतो. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला 'दोघंही नऊ ते सहा ऑफिसात' एवढ्या एका उत्तरावरून नकार मिळाला. ते चांगलेच चिडले. 'आम्ही काय कुत्र्याला मारणार होतो का? उलट घर देत होतो!'

त्यांचा राग समजण्यासारखा आहे. आपण ज्या गल्ल्यांमध्ये वाढलो तिथे कुत्रा दत्तक घ्यायचा नसतो, तो असतोच. कोपऱ्यावरच्या टपरीखाली झोपतो, कोणीतरी पोळी टाकतं, सोसायटीचा वॉचमन त्याला नावाने हाक मारतो. कागद कुठेच नाही. मग इथेच एवढा कागद का? याचं उत्तर शोधायला लागलं की आपण थेट व्हिक्टोरियन लंडनमध्ये जाऊन पोचतो, आणि तो इतिहास फारसा गोड नाही.

ऑक्टोबर १८६०. उत्तर लंडनच्या हॉलोवे भागातल्या एका तबेल्यात मेरी टील्बी नावाच्या बाईंनी हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरतं घर सुरू केलं. त्यांच्या एका मैत्रिणीला रस्त्यात उपासमारीने मरायला टेकलेला कुत्रा सापडला होता. त्याला वाचवायचा दोघींनी प्रयत्न केला, पण तो जगला नाही. त्यानंतर टील्बीबाई अशी कुत्री आणून ठेवू लागल्या. 'द टाइम्स'ने या घराची यथेच्छ टिंगल केली. लंडनमध्ये माणसं उपाशी मरत असताना कुत्र्यांसाठी कसली घरं काढता, असा एकूण सूर. (हा प्रश्न आजही व्हॉट्सॲपवर तितक्याच उत्साहाने विचारला जातो.)

दोन वर्षांनी, १८६२ मध्ये, चार्ल्स डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात एक लेख आला. त्यात दोन 'प्रदर्शनां'ची तुलना होती. एक इस्लिंग्टनमधलं, बक्षिसं मिळवणाऱ्या उंची कुत्र्यांचं. दुसरं तिथून जवळच, हॉलोवेतल्या तबेल्यात, कोणालाच नको असलेल्या कुत्र्यांचं. ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते, कारण दोन्ही गोष्टी एकाच काळात जन्मल्या. इंग्लंडमधलं पहिलं डॉग शो म्हणून ओळखलं जाणारं प्रदर्शन न्यूकॅसलला १८५९ मध्ये भरलं, हॉलोवेचं घर १८६० चं आणि केनेल क्लब १८७३ चा. कुत्र्याच्या जातीचे कागद बनू लागले, वंशावळी लिहिल्या जाऊ लागल्या, नाक किती आखूड आणि पाय किती बुटके याचे निकष ठरू लागले. म्हणजे कुत्रा ही मिरवण्याची वस्तू झाली तेव्हाच टाकून दिलेल्या कुत्र्याचीही सोय करावी लागली. आज चपट्या नाकाच्या पगला आणि फ्रेंच बुलडॉगला जो श्वासाचा त्रास होतो, त्याचं मूळ या 'सौंदर्या'च्या निवडीत आहे. आपल्याकडे २००३ च्या हच कंपनीच्या जाहिरातीनंतर पग किती लाडका झाला ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मुंबईच्या मे महिन्यात तो कसा धापा टाकतो, ते जाहिरातीत नव्हतं.

टील्बीबाई १८६५ मध्ये गेल्या. १८७१ मध्ये त्यांचं घर थेम्सपलीकडे बॅटरसीला हललं आणि तिथेच ते 'बॅटरसी' म्हणून जगप्रसिद्ध झालं. पण मधल्या काळात एक मोठा बदल झाला होता. शहराला रेबीजची धास्ती बसली होती. १८६७ च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना रस्त्यावरचा बेवारस कुत्रा पकडायचा अधिकार मिळाला. मालक तीन दिवसांत आला तर ठीक, नाही तर कुत्रा विकायचा किंवा मारायचा. कुत्र्यावरचा जुना कर होताच. त्याच वर्षी त्याचं पाच शिलिंगचं लायसन्स झालं, १८७८ मध्ये साडेसात शिलिंग. (ही रक्कम पुढे शंभराहून अधिक वर्षं वाढलीच नाही. १९८७ मध्ये लायसन्स रद्द झालं तेव्हा ती जेमतेम ३७ पेन्स होती. सरकारी खर्च त्याहून जास्त होत असणार, दुसरं काय!)

आता पोलीस पकडलेली कुत्री बॅटरसीला आणून सोडू लागले. गणित सोपं होतं आणि क्रूर होतं. आत येणारी कुत्री हजारोंनी, घरी नेणारे मोजके. १८८४ मध्ये तिथे कुत्र्यांना वायूने 'वेदनारहित' मारण्यासाठी खास कोठी बसवली गेली. दयेसाठी उभी राहिलेली संस्था अशा रीतीने शहराची साफसफाई करणारी संस्थाही झाली. यात संस्थाचालक दुष्ट होते असं मला वाटत नाही. त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर ते काम पोलिसांनी दंडुक्याने केलं असतं. पण लंडनने एक नियम पक्का केला होता : रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा कोणाचा तरी असला पाहिजे. जो कोणाचाच नाही, त्याला शहरात जागा नाही.

आपल्या फॉर्ममधले प्रश्न इथून सुरू होतात. १९०६ च्या डॉग्ज ॲक्टने बेवारस कुत्रा ठेवण्याची मुदत सात दिवसांवर नेली आणि पोलिसांना पकडलेल्या कुत्र्यांची नोंदवही ठेवायला लावली. शिवाय पकडलेला कुत्रा जिवंतपणी चिरफाड करून प्रयोग करणाऱ्यांना देता किंवा विकता येणार नाही, हेही कायद्यात लिहिलं. त्या काळी लंडनमध्ये यावरून मोठा वाद पेटला होता, आणि बॅटरसी भागातच अशा प्रयोगात मेलेल्या एका तपकिरी कुत्र्याचा पुतळा उभारल्यावरून दंगे झाले होते. तेव्हा 'तुम्हाला कुत्रा कशासाठी हवाय?' हा प्रश्न चौकशीखोरपणाचा नव्हता. नेणारा माणूस घरीच नेणार आहे, हे कोणालाच गृहीत धरता येत नव्हतं.

त्याच साम्राज्यातल्या दुसऱ्या एका शहराने मात्र हा नियम साफ नाकारला होता, तोही हॉलोवेच्या अठ्ठावीस वर्षं आधी. ते शहर मुंबई. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा कंपनी सरकारचा शिरस्ता होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ मध्ये ही मोहीम जूनपर्यंत लांबवली गेली. आठ आण्यांच्या लोभाने कुत्री मारणारे लोक घरांच्या आसपासची कुत्रीही उचलतात, अशी ओरड झाली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा 'सगदीद' हा विधीच आहे. ६ जूनला फोर्टात पारशांच्या जमावाने दोन गोऱ्या पोलिसांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारं सामान अडवलं गेलं, आणि जैन व इतर व्यापारीही या हरताळात उतरले. अखेर सैन्य बोलवावं लागलं आणि धरपकड झाली. त्यानंतर शहरातल्या प्रतिष्ठितांनी मागणी केली की कुत्री मारू नका, शहराबाहेर न्या. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला.

पांजरापोळ आणि बॅटरसी शेजारी ठेवून पाहा. बॅटरसी मालक शोधते, पांजरापोळाला मालकाची गरज नाही. प्राणी आला, तो मरेपर्यंत राहील, खर्च व्यापारी करतील. तिथे 'दत्तक' हा विचारच नाही. गल्लीतल्या कुत्र्याला पोळी टाकणारी आपली आजी याच जगातली. पण या उत्तराचीही किंमत आहे, आणि ती लपवू नये. ब्रिटनने मुसकं बांधायची सक्ती आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर विलगीकरण लादून १९०२ मध्ये रेबीज संपवला. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो परत आला, मग १९२२ मध्ये पुन्हा संपवला. भारतात मात्र आजही जगातल्या रेबीज मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. नसबंदी करा, लस द्या आणि कुत्रा होता तिथेच परत सोडा, हे भारताचं २००१ पासूनचं धोरण. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली सगळी भटकी कुत्री शेल्टरमध्ये टाकायला सांगितलं आणि अकरा दिवसांनी तो आदेश बदलून लस दिलेली, निरोगी आणि शांत कुत्री परत सोडायला सांगितलं. त्या अकरा दिवसांत लंडन आणि मुंबई यांचंच जुनं भांडण चाललं होतं असं मला वाटत राहिलं.

'प्रत्येक कुत्र्याला मालक' या उत्तरात एक भोक मात्र आहे. मालकाचं मन बदललं तर काय? याचा सर्वात भयानक पुरावा १९३९ चा. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झालं. त्याआधीच सरकारशी संबंधित समितीने पत्रक काढलं होतं : जमलं तर प्राण्यांना खेड्यात पाठवा, कोणाकडे ठेवता येत नसेल तर त्यांना मारणंच दयाळूपणाचं. हुकूम नव्हता. पण लोक स्वतःहून मांजरं टोपलीत आणि कुत्री पट्ट्याला घेऊन दवाखान्यांबाहेर रांगा लावून उभे राहिले. हिल्डा कीन या इतिहासकार बाईंनी यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. त्यांच्या हिशेबाने पहिल्या आठवड्यातच लंडनमध्ये सुमारे चार लाख कुत्री-मांजरं मारली गेली, म्हणजे शहरातल्या एकूण कुत्र्या-मांजरांपैकी साधारण चौथा हिस्सा. नॅशनल कॅनाइन डिफेन्स लीग या संस्थेकडचा क्लोरोफॉर्म संपला. लंडनवर मोठा हवाई हल्ला झाला तो मात्र वर्षभराने, सप्टेंबर १९४० मध्ये.

ही माणसं निर्दय नव्हती. बहुतेकांचा त्या प्राण्यांवर जीव होता. त्यांच्याकडे 'आणि असं झालं तर?' याचं उत्तर आधीपासून तयार नव्हतं, एवढंच. मग घाईत जे सुचलं ते केलं.

त्याच कॅनाइन डिफेन्स लीगने १९७८ मध्ये ब्रिटनला पाठ झालेली घोषणा दिली : कुत्रा ख्रिसमसपुरता नसतो, आयुष्यभराचा असतो. आज ती संस्था डॉग्ज ट्रस्ट म्हणून ओळखली जाते. एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमध्ये 'लूसीज लॉ' लागू झाला. वेल्समधल्या पिल्लांच्या कारखान्यातून सोडवलेल्या लूसी नावाच्या स्पॅनियल कुत्रीवरून हे नाव पडलं. सहा महिन्यांखालची पिल्लं दुकानदार किंवा दलालाने विकायची नाहीत. पिल्लू हवं असेल तर थेट पैदास करणाऱ्याकडून, आईसोबत बघून घ्यायचं, नाहीतर शेल्टरमधून. हा कायदा आला तेव्हा लॉकडाउनला दोन आठवडे झाले होते आणि घरी बसलेला देश पिल्लांमागे लागला होता. ऑफिसं उघडल्यावर यातली बरीच पिल्लं परत शेल्टरच्या दारात आली.

आता आपलं गणित मांडू. पाच वर्षांचा व्हिसा, बारा वर्षांचा कुत्रा, घरात राहणारं मांजर असेल तर पंधराही. मधे नोकरी बदलणार, शहर बदलणार, कदाचित देशही. भाड्याच्या घराचा प्रश्न इंग्लंडमध्ये जरा सोपा होतोय, कारण २०२५ च्या कायद्याप्रमाणे भाडेकरूने प्राणी पाळायची परवानगी मागितली तर घरमालकाला योग्य कारणाशिवाय नकार देता येणार नाही. पण भारतात परतायची वेळ आली तर? चपट्या नाकाच्या जाती कितीतरी विमान कंपन्या सामानकक्षात घेतच नाहीत. उलट दिशेने, आईबाबांचा म्हातारा कुत्रा भारतातून ब्रिटनला आणायचा असेल तर मायक्रोचिप, लस, त्यानंतर तीस दिवसांनी रक्ततपासणी, आणि त्या नमुन्यापासून तीन महिने थांबणं आलं. म्हणून मी तरी 'कोणती जात घेऊ?' या प्रश्नाआधी 'मी नसेन तेव्हा हा कोणाकडे?' हे विचारायला सांगते. उत्तरात एका माणसाचं नाव पाहिजे. 'बघू' हे नाव नाही.

मांजर सोपं, असंही समजू नका. बॅटरसीने मांजरं घ्यायला सुरुवात केली १८८३ मध्ये, म्हणजे टाकून दिलेलं मांजर ही काही आजची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये जून २०२४ पासून मांजरालाही मायक्रोचिप सक्तीची आहे. बावीसाव्या मजल्यावर राहत असाल तर मांजर शेल्टरमध्ये वाढलेलं आणि घरातच रमणारं बघा. बाहेर फिरायची सवय असलेलं आणलंत तर ते रात्रभर दाराशी ओरडेल आणि तुम्हीही झोपणार नाही.

कुत्र्याबद्दल विचाराल तर, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी निवृत्त ग्रेहाउंड सुचवते. ब्रिटनमध्ये १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू स्टेडियमवर ग्रेहाउंडच्या शर्यती सुरू झाल्या, आणि शर्यतीतून बाद झालेल्या कुत्र्यांना घर शोधणं हे एक कामच होऊन बसलं. ही कुत्री मोठी दिसतात, पण दिवसाचा बराच वेळ सोफ्यावर झोपून काढतात. लांब तोंड, आत गेलेलं पोट, बारीक पाय. मराठवाड्याकडची कारवान कुत्री बघितलेल्याला ती लगेच ओळखीची वाटतील. कुंपण मात्र खरंच उंच लागतं, आणि शेजारच्या मांजराला सांभाळावं लागतं.