सुबाभूळ
(लॅ. ल्युसीना ल्युकोसेफाला, कुल – फॅबेसी). मेक्सिको व मध्य अमेरिकेतला शेंगावर्गीय चारावृक्ष. महाराष्ट्रात १९७०च्या दशकात मणिभाई देसाई यांच्या उरुळी कांचन येथील ‘बाएफ’ संस्थेने त्याचा हिरिरीने प्रसार केला. पाला प्रथिनयुक्त, लाकूड सरपणाला व कागदाच्या लगद्याला चालते. पाल्यातील मिमोसीन मात्र विषारी असते (घोड्यांचे केस झडतात), म्हणून तो इतर चाऱ्यात मिसळूनच घालावा. चपट्या शेंगांतील टणक बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते आणि तोडलेला बुंधा पुन्हा फुटतो. त्यामुळे एके काळी कौतुकाने लावलेले हे झाड आता उल्हासनगर–बदलापूर पट्ट्यात रुळांकडेला, पडीक जागी न लावताच माजते. जगातील १०० घातक आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. शेंगा धरण्याआधी छाटणी करणे, हा त्यावर एक व्यवहार्य उपाय.