महामारीतले मृत्यू कसे मोजतात? देशोदेशीचे आकडे का जुळत नाहीत?

कोरोनाच्या काळात रोज संध्याकाळी मृतांचा आकडा यायचा आणि कुठला देश कितव्या नंबरावर, याची चर्चा रंगायची. पण प्रत्येक देशाची मोजणी वेगळी होती. मापच वेगळे, तर तुलना होणार कशी?

व्याख्या बदलली की आकडा बदलतो

इंग्लंडमध्ये सुरुवातीला पॉझिटिव्ह आलेली व्यक्ती पुढे कधीही, कशानेही दगावली तरी ती कोरोनाच्या मृतांत धरली जायची. ऑगस्ट २०२० मध्ये २८ दिवसांची मर्यादा घातली आणि ब्रिटनचा आकडा एकदम पाच हजारांहून जास्त खाली आला. बेल्जियमने उलट वृद्धाश्रमांतले, चाचणी न झालेले संशयित मृत्यूही धरले. त्यामुळे तो देश यादीत वर दिसला. पेरूने मे २०२१ अखेर निकष बदलले, तेव्हा सुमारे ६९ हजारांचा आकडा थेट १ लाख ८० हजारांवर गेला.

अतिरिक्त मृत्यू म्हणजे काय?

यावर उपाय म्हणजे साधी वजाबाकी. एरवी वर्षाला किती माणसे जातात, ते आधीच्या वर्षांवरून काढायचे आणि महामारीच्या वर्षातल्या एकूण मृत्यूंतून वजा करायचे. उरतात ते अतिरिक्त मृत्यू. दाखल्यावर कारण काय लिहिले, हा प्रश्नच येत नाही. बेड न मिळाल्याने गेलेले इतर रुग्णही यात येतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून जगात असे १ कोटी ४९ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज मे २०२२ मध्ये दिला. देशांनी कळवलेले होते सुमारे ५४ लाख. भारतासाठीचा अंदाज ४७ लाख, तर सरकारी आकडा ४ लाख ८० हजारांच्या घरात. केंद्र सरकारने ही पद्धत मान्य केली नाही.

सगळे नोंदीवर

मृत्यूची नोंदच नसेल, तर वजाबाकी करायची कशातून? मग अंदाजच बांधावा लागतो. घरच्यांसाठीही नोंद महत्त्वाची. दाखल्यावर कोरोना लिहिलेला नाही, एवढ्याच कारणाने ५० हजारांची मदत नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये बजावले. पण दाखला तर हवाच.

सीमाभागातल्या लोकांनी एक लक्षात ठेवावे : मृत्यू जिथे होतो, नोंद तिथेच होते. बेळगावचा रुग्ण कोल्हापुरात दगावला, तर दाखला कोल्हापुरातूनच घ्यावा लागतो.